वस्ती मोजताना

वस्त्या मोजायच्या कामात किस्से शोधावे लागत नाहीत. दाराशी टेप धरला की घरातून कोणीतरी बोलतंच. फॉर्ममध्ये त्याला रकाना नसतो, म्हणून ते आमच्याजवळ साठत जातं.

प्रताप नगरच्या पलीकडच्या एका झोपडपट्टीला जागेचे मालकी पट्टे द्यायचे होते. टेपच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला रिटायर्ड ड्राफ्ट्समन राऊतकाका, आणि टॅबवर माहिती भरायला प्रतीक्षा.

*

पहिल्याच बैठकीत नगररचना विभागाच्या साहेबांनी नकाशा पसरला. "अडचण अशी आहे, की शहराच्या आराखड्यात तुमच्या जागेवर बगीचा आहे."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग पाणी काहून नाही येऊन राहिलं साहेब? बगीच्याले तं दोन टाइम देता."

साहेबांनी नकाशाची घडी घातली. बगीच्याचं आरक्षण उठवायचा प्रस्ताव त्यांनी त्याच आठवड्यात लिहिला.

*

एका घरी भिवापुरी मिरची कुटणं सुरू होतं. प्रतीक्षाने विचारलं, "वापर निवासी की व्यावसायिक?"

"निवासीच लिव वं बाई. घरच्यापुरतं कुटून राहिली."

मागे पाच पोती होती. राऊतकाकांनी शिंका आवरत विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोघं."

"दोघांले एवढी मिरची?"

"आमचे हे तिखट खातात."

खुर्चीवरच्या नवऱ्याने गंभीरपणे मान हलवली.

*

शेवटची गल्ली अडली होती. ॲम्ब्युलन्स जाईल एवढी रुंदी सोडल्याशिवाय तिथे कोणालाच पट्टा मिळणार नव्हता. म्हणजे प्रत्येकाने आपला ओटा तोडायचा. तीन बैठका झाल्या. जो तो म्हणायचा, "आधी समोरच्याले तोडू द्या."

चौथ्यांदा गेलो, तर वळणावरच्या मेश्रामबाईंचा ओटा जागेवर नव्हता. बाई साठीच्या, एकट्या राहायच्या. ओटा त्यांच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेला. बाई निघालेल्या विटा भिंतीशी रचत होत्या.

राऊतकाका म्हणाले, "बाई, एवढी घाई काहून केली? बाकीचे अजून तयार नाहीत."

"आमच्या ह्यायच्या छातीत दुखलं, तवा गाडी रोडवरच थांबली. स्ट्रेचर ह्या ओट्यापाशी वळलंच नाही. चौघायनं उचलून नेलं. रोडवर पोचेपर्यंत जीव गेला होता." त्यांनी पदराला हात पुसले. "मोजा आता."

आम्ही मोजलं.

मी टेप गुंडाळत होतो, तेव्हा बाईंनी कुदळ उचलली आणि राऊतकाकांच्या हातात दिली.

"ही समोरच्याले द्या. म्हणा, आजच्या दिवसापुरती मागून आणली आहे. उद्या वापस करायची आहे."