शिंगाची सायकल

"उचलून बघ की," असं म्हणायचा तो, आणि आपण हात लावायच्या आत स्वतःच दोन बोटांनी सायकल उचलून दाखवायचा.

ॲल्युमिनियमची, जाड चाकांची सायकल. डांबरावर पळायची आणि मातीतही पळायची. नसरापूरच्या चौकात कधी उभे राहिला असाल तर पाहिली असेल तुम्ही. रिक्षावाले गिऱ्हाईक सोडून तिच्याभोवती जमायचे. शेजारी माझी नवीकोरी मोटारसायकल, पण तिच्याकडे कुत्रं फिरकायचं नाही.

तो आणि मी, दोघंही सरकारी नोकरीत शेळ्यामेंढ्यांना लस टोचणारे. पाली गावाच्या वरची वस्ती त्याच्या वाट्याला आली, कारण मध्ये ओढा आहे. माझी गाडी तिथं अडते. हा सायकल खांद्यावर टाकून पलीकडे. त्याचंही काही नव्हतं हो, पण त्या वस्तीवर माझी आई राहते.

मी सणावारी जायचो. हा लस असो नसो, दर गुरुवारी तिच्या दारात. आईनं हँडल बघून सायकलीला नावच पाडलं, शिंगाची सायकल. "त्यो बघ कसा उनातानाचा येतो," मला म्हणायची. "तुला काय वढ्यानं धरून ठिवलंय?" पोटात दुखायचं माझ्या, खोटं कशाला बोलू?

एका दसऱ्याला मी गेलो, तर आईनं त्याच्या सायकलीची पूजा मांडलेली. माझी गाडी ओढ्याअलीकडे बिनमाळेची. आईनं सायकलीला झेंडूची एवढी लांब माळ घातली की, तो निघताना तिचं टोक मागच्या चाकात गेलं आणि साखळी अडकली. मला बरं वाटलं. मी खिशातून चाकू काढला.

"कापू नगं," तो म्हणाला. "आईनं घातलीया."

माझी आई! आणि हा मांडी घालून एकेक पाकळी सोडवत बसला. आई त्याला वारा घालत होती, पदरानं.

यंदा त्याची बदली झाली, पार विदर्भात. जाताना सायकल माझ्या दारात लावली. "र्‍हाऊ दे तुला. वढा तुझ्या गाडीला जमायचा न्हाई," म्हणाला. मग मान खाली घालून, "आईला तेवढं तूच सांग. माझ्यानं न्हाई झालं."

गुरुवारी निघालो. ओढ्यात सायकल उचलली. खरंच काही वजन नव्हतं.

वस्तीवर चाकाची टिकटिक ऐकून आतूनच हाक आली, "आलास व्हय रं, बाळा?" अशा आवाजात मला तिनं हाक मारून वर्षं झाली असतील. ताकाचा पेला घेऊन ती बाहेर आली. मला बघितलं, मग माझ्यामागच्या वाटेकडे.

"त्यो कुठंय?"

"बदली झाली त्याची, आई. लांब गेला."

तिनं सायकलीच्या हँडलावरून हात फिरवला, आणि पेला माझ्या हातात दिला.

ताकात हिरवी मिरची ठेचून घातली होती. मला मिरची सोसत नाही, हे आईला पक्कं ठाऊक आहे. त्याला आवडायची.

मी गुमान सगळं प्यायलो.