निल्याचा सोमवार

आणि मी परत सांगतो, तो प्यायलेला नव्हता.

दरवर्षी त्याच्या आठवणीची पोस्ट टाकली की तेच. कोणीतरी कमेंटमध्ये ज्ञान देतं, "पिऊन पाण्यात उतरले की असंच होणार." आणि आपलेच चार जण त्याला लाइक करतात.

यावर्षी तर हद्द झाली.

मंडळाच्या ग्रुपवर सोनूने बोर्डाचा फोटो टाकला. कुंडाच्या वाटेवर लावायचा बोर्ड. वर निल्याचा हसरा फोटो, "कै. निलेश यांच्या स्मरणार्थ", आणि खाली लाल अक्षरात: "दारू पिऊन पाण्यात उतरू नका."

अरे, निल्याच्या फोटोखाली?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. निलेश, बहादरपूरचा, माझा दोस्त. श्रावणातल्या एका सोमवारी सातपुड्यातल्या कुंडात गेला. सोबत मी आणि सोनू होतो. बाकी कोणी नव्हतं.

त्या दिवशी त्याचा उपवास होता.

आपल्या बुऱ्हाणपुरात हिंदीवाल्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो, आपला मागून. निल्या दोघांचेही सोमवार धरायचा.

मी म्हणायचो, "अबे, दोन्ही पार्ट्यांत मेंबर आहे का तू?"

"महादेव एकच आहे ना भो. त्याला कुठे कॅलेंडर कळतं!"

त्या सकाळी मावशीने, म्हणजे त्याच्या आईने, शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. त्याच्या पोटात तेवढंच होतं.

शेतात घड कापलेल्या केळी उभ्या होत्या. त्याने कोयत्याने एक जाड खांब पाडला. बाहेरच्यांना हसू येईल, पण आम्ही सगळे तापीत केळीच्या खांबावरच पोहायला शिकलो. ट्यूब कोणाकडे होती? खांब छातीशी धरायचा आणि पाय मारायचे. मला निल्यानेच शिकवलं.

त्याचा एकच नियम होता. "काही होऊ दे, खांब सोडायचा नाही. खांब काठाला आणतोच."

तापीत आणतो.

गाड्या शेवटच्या पाड्यावर ठेवल्या. तिथून पायी. पुढे निल्या, मागे सोनू, दोघांच्या खांद्यावर खांब. एक बाई गुरं चारत होती. ती म्हणाली, "क्यों भैया, जंगल में केला लगाओगे क्या?"

"नहीं मौसी, बारात है. ये दूल्हा है."

बाई इतकी हसली की तिची म्हैस दुसऱ्याच बाजूला निघून गेली.

सागाची ओली पानं तोंडावर बसत होती. मग वाट संपली आणि नाल्यातूनच चालायला लागलो. दोन्हीकडचे कडे जवळ येत गेले. वर आभाळाची फक्त पट्टी उरली. त्या जागी आवाज आधी येतो, पाणी मागून दिसतं.

पहिलं कुंड मांडीएवढं. दुसरं हिरवंगार, त्यात मनसोक्त डुंबलो. निल्याला एवढा खुश मी कधी पाहिला नव्हता.

तिसऱ्यात वरून धार पडते.

"चल, डोक्यावर घेऊ," तो म्हणाला. "महादेवासारखी."

आणि खांब छातीशी धरून गेला.

धारेखाली दिसेनासा झाला. मग बाहेर आला, हसला पण. परत आत ओढला गेला. परत बाहेर. परत आत. आम्हाला वाटलं, खांब आहे ना, येईल काठाला.

त्यालाही तेच वाटलं असणार.

त्याने सोडला नाही.

शेवटी हात सुटले तेव्हा पाण्याने त्याला खालून पुढे ढकललं आणि उथळात आणून ठेवलं. तोवर उशीर झाला होता.

खांब तिथेच फिरत होता. पोलीस आले तेव्हाही फिरत होता. बाहेर यायचा, आत जायचा. धार तरंगणाऱ्याला परत आत ओढते, सोडून बुडी मारली तर खालून बाहेर काढते.

काठावर बाटल्या पडल्या होत्या, कुठल्यातरी पिकनिकवाल्यांच्या. फोटोत त्या आल्या. बस, झाली बातमी.

त्यानंतर मी कामासाठी सुरतला गेलो, ते सोडलं, हैदराबाद सोडलं. आता केरळात बर्फाच्या फॅक्टरीत आहे. घरचे म्हणतात, हा कुठे टिकत नाही. इथे डब्यात पाणी सोडतात ना, त्याचा आवाज कड्यातल्या आवाजासारखा येतो. मी मान वर करून बघतो, कोणी बाहेर येतंय का.

बसमध्ये कोणी दांडा घट्ट धरला की मी त्याची बोटं बघतो. एकदा तोंडातून निघूनच गेलं, "सोड!" तो माणूस मारायलाच उठला.

परवा मावशीचा फोन आला. कोणीतरी तिला बोर्डाचा फोटो दाखवला होता. तिने दारूचं नाव पण घेतलं नाही. एवढंच विचारलं,

"बेटा, त्याने सोमवार मोडला होता का रे?"

"नाही मावशी."

"खरं सांग."

"तुमची शपथ."

"मग ही पोरं असं का लिहितात?"



सोनूला विचारलं. तो म्हणतो, "भाऊ, लोकांना दारूचं समजतं. खांबाचं कोण वाचणार?"

अरे, आपलीच पोरं वाचतील! मागच्या आठवड्यात एक रील पाहिली. आपल्याच गावची पोरं, खांद्यावर खांब, तीच वाट. पोरं प्यायलेली नव्हती, मस्त हसत होती. तुझा बोर्ड वाचून ती म्हणतील, आपण कुठे पितो, आणि उतरतील.

सोनू, तू तिथे होतास. तुला माहीत आहे.

लाल अक्षरं खरवडून टाक. हे लिही: "केळीचा खांब घेऊन तिसऱ्या कुंडात उतरू नका. आमचा निलेश पोहणारा होता, सोमवारचा उपाशी होता, आणि खांबामुळे गेला."

वरचा फोटो राहू दे. हसताना चांगला दिसतो.

बोर्ड लागला की मावशीला गाडीवर नेऊन दाखव आणि मोठ्याने वाचून दाखव. तिला लाल अक्षरं आठवत असतील, ती पुसली गेली पाहिजेत.

निल्या, दोस्ता, इथूनच हात जोडतो. यावर्षी पण यायला जमलं नाही.

सोनू, पेंटरला विचारून घेतलंय, परत लिहायचे पैसे तुझ्या नंबरवर टाकले आहेत. बाराशे रुपये.