पंधरापैकी पंधरा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात तर मी भांडेन! तीस वर्षं नाशिकमध्ये बातमीदारी करतोय. 'तुम्ही शुद्धीवर आहात का?' असं मला विचारणारे पुढारी ढिगाने भेटले. पण ते कागदावर लिहून देण्याची हिंमत केली ती फक्त एका पंचविशीतल्या डॉक्टरीणबाईंनी. आणि खरा घोटाळा तर त्यानंतर झाला. तोही मीच केला.

त्या बुधवारी सकाळी भात खरेदी केंद्र सुरू करा म्हणून घोटीच्या शेतकऱ्यांनी दोन तास महामार्ग अडवला होता. ती बातमी डोक्यात जुळवत मी स्कूटरवरून परतत होतो. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका रिक्षावाल्याने कट मारला. मी सोडतोय होय? मान मागे वळवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतानाच समोर दुभाजक आला. तो काही जागचा हलला नाही. मीच उडालो.

डोक्याला लिंबाएवढं टेंगूळ. लोकांनी उचलून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. मी खाटेवर पडलो होतो, पण जीव सगळा बातमीत. सहापर्यंत मजकूर गेला नाही, तर पहिल्या पानावरची जागा गेली!

डॉक्टरीणबाई आल्या. डोळ्यांत बॅटरी मारली.

"काका, माझा हात दाबा बरं."

काका! दाबला. चांगला दाबला.

"आई गं! बास, बास. आज वार कोणता?"

"गुरुवार."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं. पडलात कधी?"

"काल दुपारी."

"काल? मग रात्रभर कुठे होतात?"

"रात्र कुठून आली? तासाभरापूर्वी तर पडलोय!"

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी उठून वाचलंच. चौदा!

"हे चौदा कसले? शंभरपैकी?"

"पंधरापैकी. डोळे आपणहून उघडे असले की चार, सांगितलेलं केलं की सहा, नीट बोलणं असलं की पाच. तुमचा बोलण्यातला एक गेला. बोलणं गोंधळलेलं आहे."

"मेलेल्याला किती देता?"

"तीन. त्याच्या खाली कुणालाच देत नाही."

"म्हणजे मुडद्याला फुकट तीन, आणि माझा हक्काचा एक कापता? गोंधळलेलं? माझं? अहो बाई, सभागृहं गप्प केलीत या बोलण्याने!"

"काका, शांत व्हा. डोक्याचा मार आहे, थट्टा नाही. चौदा असताना मी सोडणार नाही. स्कॅन करू, आज इथेच राहा."

राहा? आणि घोटीची बातमी? मी पुरावा द्यायचं ठरवलं. ऑफिसात आमच्या उपसंपादक पगारेला फोन लावला, स्पीकरवर.

"पगारे, आज वार कोणता रे?"

"गुरुवार, साहेब. पानावर टाकलासुद्धा."

मी विजयी मुद्रेने पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "हेही तुमच्याबरोबर स्कूटरवर होते का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! तुम्हाला म्हणून सांगतो, पेपरवाला कायम उद्यात राहतो. गुरुवारी सकाळी वाचक वाचणार, म्हणून बुधवारी दुपारीच आमच्याकडे गुरुवार लागतो. आज घडलं ते आम्ही 'काल' लिहितो, उद्या घडणार ते 'आज'. तीस वर्षांत ते जिभेत भिनलंय.

हे सगळं मी त्यांना समजावलं. त्या सरळ म्हणाल्या, "छापायचं राहू द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे बोला. वार?"

"बुधवार."

"पडलात कधी?"

"का... आज."

"पुन्हा सांगा."

"आज! आज! आज पडलो, आज टेंगूळ आलं, आज तुम्ही डोकं खाताय!"

त्या हसल्या. स्कॅन केलाच; तो ठीक निघाला. तासाभराने पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा माझं 'आज, आज'. मग त्यांनी पंधरा लिहिले. मी म्हटलं, "नुसता आकडा नको. खाली लिहा, रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे, वेळेचं भान उत्तम. सही, शिक्का!" त्यांनी दिलं. मी त्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. बरोबर संपादकांना खास ओळ: 'शंका असणाऱ्यांनी वाचावे.'

सहाला दहा मिनिटं कमी होती. खाटेवरूनच पगारेला बातमी सांगितली. मथळ्यावर तो अडखळला.

"साहेब, इथे जरा..."

"एक अक्षर बदलायचं नाही! माझं बोलणं गोंधळलेलं वाटतं का तुला?"

गुरुवारी सकाळी पहिल्या पानावर ठळक मथळा आला: 'घोटीत आज रास्ता रोको'.

आज!

मथळ्याखालचं वाचतो कोण? घोटीला पुन्हा पोलीस बंदोबस्त लागला. रस्त्यावर एक शेतकरी नाही! ते बिचारे काल बसून, घसा कोरडा करून घरी गेलेले. चांदवडहून इगतपुरीला निघालेल्या एका वऱ्हाडाने घोटी टाळायला असा फेरा घेतला, की मुहूर्त हुकला. नवरदेवाच्या मामाने मला फोन करून जे ऐकवलं, ते कुठल्याच वाराला छापता येणार नाही. आणि घोटीचा एक शेतकरी म्हणाला, "साहेब, आम्ही काल उन्हात बसलो त्ये वाया गेलं का? आज परत बसू का आता?"

संपादकांनी बोलावलं. माणूस मुळात प्रेमळ. दार लावून घेत म्हणाले, "हे बघ, डोक्याला मार होता. शुद्ध नीट नव्हती, असा खुलासा छापू. तुझी इभ्रत वाचेल."

वाचलो, असं वाटलं. मी मान डोलावणार, तेवढ्यात त्यांनी मोबाईल उघडला.

"पण एक अडचण आहे," ते म्हणाले. "इथे सही-शिक्क्यानिशी लिहिलंय, की हे तू पूर्ण शुद्धीत केलंस."