शमीमच्या दुकानातला फिल्टर

कोल्हापुरातून आम्ही पहाटे निघालो तेव्हा ट्रकमध्ये वाळूजच्या एका कारखान्यासाठी कास्टिंगचा माल होता आणि चालकाशेजारच्या सीटवर मी होते. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण यांच्या गाडीतून इतक्या लांब पहिल्यांदाच चालले होते. माल वाळूजला जाणार हे कळलं आणि मीच हट्ट धरला. लग्नाआधी चार वर्षं मी तिथं नोकरी केली होती, शेजारच्या बजाजनगरात खोली करून राहिले होते. माहेर माझं त्याच भागातलं, करमाडजवळचं. आईवडील गेल्यावर तिकडं जाणं थांबलं, ते थांबलंच.

गाडीचा आवाज मला बदलल्यासारखा वाटला. विचारलं तर हे खुशीत म्हणाले, "नवा एअर फिल्टर टाकलाय. लाल कापडाचा. धुवायचा, तेल लावायचं, परत बसवायचा. कंपनीचा कागदी फिल्टर सारखा बदलत बसायला कुणी सांगितलंय? आता गाडी मोकळा श्वास घेतीया बघ!"

एअर फिल्टर म्हणजे इंजिनाचं नाक. हवा आत घ्यायची आणि धूळ बाहेर अडवायची, एवढंच त्याचं काम. हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण ती चार वर्षं मी कागदी फिल्टरच तपासले होते.

अहिल्यानगरला मुक्काम केला. सकाळी एका ढाब्यावर झणझणीत शेवभाजी खाऊन पुढं निघालो. रस्त्याचं काम चाललं होतं. पुढच्या गाड्या पांढऱ्या धुरळ्यात दिसेनाशा व्हायच्या आणि आम्ही त्यातच शिरायचो. नेवाशापर्यंत उसाची हिरवाई होती. मग प्रवरासंगमाला गोदावरीचा लांब पूल आला. पूल ओलांडला की मराठवाडा. कपाशी, तूर आणि नजर पोचेल तिथवर काळी सपाट जमीन. मी काच खाली करून नुसती बघत राहिले. "लई दिवसांनी," असं तोंडातून निघालं, तेव्हा हे हसले. "पूल ओलांडला आणि भाषा बदलली तुझी."

पुढच्या चढाला मात्र गाडी दमली. ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी ओढेना. मागं काळा धूर. सायकलवाला एक म्हातारा आमच्या पुढं निघून गेला आणि वळून बघत ओरडला, "खाली उतरून ढकला की वं!"

कसंबसं वाळूज गाठलं, माल उतरवला. यांनी फिल्टर धुवायचं ठरवलं. मी म्हणाले, "आधी एका दुकानात दाखवू."

ते दुकान शमीमचं होतं. ती स्पेअर पार्टचं दुकान चालवते हे मला जुन्या एका मैत्रिणीकडून कळून बरीच वर्षं झाली होती. शमीम आणि मी एका खोलीत राहायचो, एका स्टोव्हवर रांधायचो आणि एकाच टेबलावर फिल्टर तपासायचो. एकदा एका पूर्ण लॉटमध्ये कागदाच्या कडेचा डिंक नीट बसला नव्हता. सुपरवायझर म्हणाला, पास करा. शमीम म्हणाली, "नाय करणार." मी मान खाली घालून शिक्के मारत राहिले. आठवड्याच्या आत तिला काढलं. तिनं खोली सोडली त्या दिवशी मी मुद्दाम जादा पाळी घेतली होती.

दुकान बजाजनगरच्या कोपऱ्यावर होतं. काउंटरमागं चष्मा लावलेली, केस पांढरे झालेली शमीम. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मग यांच्याशीच बोलू लागली. "काय झालं, दादा?"

यांनी सांगितलं. ती बाहेर आली, ट्रकच्या फिल्टरचा डबा उघडायला लावला आणि फिल्टरपासून इंजिनाकडं जाणाऱ्या नळीत, जिथं फक्त स्वच्छ हवा असायला पाहिजे तिथं बोट फिरवलं. बोट मातकट झालं.

"ही धूल सीधी इंजिनात चाललीय. मोठ्याच्या आत दुसरा छोटा फिल्टर असतो, तो कुठंय?"

हे गडबडले. "तो... हा लाल बसंना त्याच्यासंगं. मग मीच काढून ठेवला."

मला हे नवीनच होतं. मी यांच्याकडं पाहिलं, तर हे टायरकडं बघत होते.

"अहो, पण आपा, हा आयुष्यभर चालतोय म्हणं."

"कुणाचं आयुष्य, दादा? फिल्टरचं का इंजिनचं?" शमीमनं लाल फिल्टर हातात घेऊन फिरवला. "कापड खराब नाय. पन ह्याची कड तुमच्या डब्यात बसत नाय. बाजूनं हवा घुसती, तिच्यासंगं माती. मापाचा असता तर बाजारचा बी चालला असता."

तिनं आत जाऊन दोन कागदी फिल्टर आणले. एक कंपनीच्या खोक्यातला, दुसरा बाजारातला, स्वस्त, दिसायला तसाच. हे लगेच दुसऱ्याकडं वळले. शमीमनं मोबाईलची बॅटरी लावली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "तू बघ. तुला कळतं."

मी बॅटरी एकेका फिल्टरच्या आत धरली, घडी घडी फिरवली. कागदातून मंद पिवळा उजेड येत होता, एकसारखा. मग बाजारातल्या फिल्टरच्या कडेला, डिंकाजवळ, सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चमकला.

"हा नको," मी म्हणाले. "इथं भोक आहे."

शमीमनं फिल्टर हातात घेऊन तो ठिपका पाहिला. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी एवढंच बोलली असतीस, सुनंदा."

रस्त्यावरून शिफ्टची बस गेली. मला रडू आलं. "चुकलं माझं. भ्याले मी. नोकरी जाईल म्हणून भ्याले."

"मालूम आहे." तिनं चष्मा पुसला. "खोली सोडून घरी गेले, पन नोकरी गेल्याचं दोन महिने सांगितलंच नाय. रोज डबा घेऊन निघायची आणि हे दुकान तेव्हा ज्यांचं होतं, त्यांच्या पायरीवर बसायची. एक दिवस ते म्हणाले, बसतीच हाय तर माल तरी मांड." तिनं चष्मा परत लावला. "गुस्सा नोकरीचा नव्हता गं. तू भेटायला नाय आलीस, त्याचा होता."

यांनी कंपनीचा मोठा फिल्टर उचलला, त्याच्या जोडीचा छोटाही मागून घेतला आणि दोन्ही बसवायला गेले. नळी तेवढी पुसून घेतली. इंजिनात किती माती गेली ते पुढं कळेल, पण तेल लवकर बदलून घ्या, असं शमीमनं दोनदा बजावलं.

दुकानामागंच तिचं घर. तिनं खिचडी-खट्टा (मसुराची पिवळी खिचडी आणि चिंच-तिळाचं आंबट पातळ) वाढला, वर तळलेला पापड. खोलीवर रविवारी आम्ही हेच करायचो. खट्ट्याला तीळ ती भाजायची आणि मी वाटायची. जेवून आमची जुनी खोली बघायला गेलो. तिथं आता तीन मजली इमारत आहे, खाली मोबाईलचं दुकान. आमच्या कारखान्याच्या फाटकावर वेगळीच पाटी. शमीमनं माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिला, जसा मी पहिल्यांदा गावातून आले तेव्हा दिला होता.

दुसऱ्या दिवशी परतीचा माल भरायला बीड बायपासनं करमाडकडं गेलो. तिथंही एक सातारा आहे, त्याच्या डोंगराखालून गाडी एका लयीत पळत होती. धूर थोडा उरला होता. माहेरचा फाटा आला तेव्हा यांनी विचारलं, "थांबायचं?" मी नको म्हटलं. ज्यांना भेटायचं होतं त्यातलं एक माणूस भेटलं होतं, तेवढं पुष्कळ होतं. परत येताना गोदावरीच्या पुलावर हे एकदाच म्हणाले, "आतला फिल्टर काढला, ते तुला सांगायला पाहिजे होतं." मी मान हलवली. न सांगितलेलं माझ्याकडंही पुष्कळ होतं.

घरी आल्यावर लेकीनं प्रवासाचं विचारलं. लहानपणापासून तिनं माझ्याकडून ऐकलं होतं, आई वाळूजला फिल्टर तपासायची, खराब माल कधी सोडायची नाही. त्या रात्री जेवताना मी तिला तो लॉट सांगितला, शिक्के सांगितले, जादा पाळी सांगितली. ती जेवायची थांबली.

मग तिनं विचारलं, "शमीममावशी आपल्याकडं कधी येणार?"