मागाच्या खड्ड्यातला क्रँक

आमच्या मोहाडीच्या घरात सगळं मोजमाप हातमागावरून चालायचं. आधी धागे ओवायची फणी ठरवायची, म्हणजे कापडाचा पन्हा ठरला. मग त्या मापानं सूत आणायचं. तेच शहाणपण मी गाडीच्या इंजिनाला लावलं आणि पस्तावलो.

गाडी बाबांची. जुनी, आठ सिलिंडरची, विलायती. एका बड्या घरानं टाकून दिलेली. तिच्यातून बाबांनी वर्षानुवर्षं लुगडी बाजारोबाजार नेली. गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा अर्धा झाला, त्याच सुमारास तिचं इंजिन बसलं. ते उघडलं आणि नवं सामान निवडायचं काम बाबांनी, का कोण जाणे, माझ्यावर सोपवलं.

भंडाऱ्याच्या मिस्त्रीनं बजावलं होतं. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, घासला की बारीक होतो, मग त्याला जाड बेअरिंग लागतं, आणि बेअरिंगं ठरावीक मापांचीच येतात. म्हणून आधी बेअरिंग हातात घे, मगच क्रँक घास. मी मान डोलावली आणि नागपुरात जाऊन नेमकं उलटं केलं. चांगला गुळगुळीत होईपर्यंत घासा, म्हटलं. फणी झाली, आता सूत शोधू. मग दुकानांमागून दुकानं पालथी घातली, पण त्या मापाचं बेअरिंग कुणाकडेच नव्हतं. शेवटच्या दुकानदारानं क्रँक उलटासुलटा करून पाहिला.

"काहून इतका घासला?"

घासलेलं लोखंड परत येत नाही आणि तसा दुसरा क्रँक मिळणार नव्हता.

बाबांनी मला कधी मारलं नाही. माझ्या विणीत चूक दिसली की ते न बोलता वीतभर कापड मागे उकलत बसत आणि मी समोर उभा. त्या मुकेपणाची मला मरणाची भीती वाटे. म्हणून घरी सांगितलं, क्रँक अजून नागपुरातच आहे. आणि तो पोत्यात गुंडाळून बंद पडलेल्या मागाच्या, विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात लपवला. रोज जेवताना बाबा विचारत, रोज मी नवं कारण सांगे. ते मागाच्या खोलीकडे नुसते वळले तरी मी काहीतरी निमित्त काढून त्यांना हाक मारायचो.

पंधरा-वीस दिवसांनी मनात आलं, खड्ड्यात ओल आहे, गंज चढला असेल. बाबा आंधळगावला गेलेले पाहून मी खाली उतरलो आणि पोतं सोडलं. आत जुन्या लुगड्याचं स्वच्छ धडपं होतं, आणि क्रँकला ताजं तेल लावलेलं. बोट तेलकट झालं. मी तिथेच बसून राहिलो, वर यायची हिंमत होईना.

बाबा परतले तेव्हाही मी खालीच होतो. ते खड्ड्यात पाय सोडून काठावर बसले. कधीपासून ठाऊक आहे, मी कसंबसं विचारलं. तू आणलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ते म्हणाले. मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मी तो जुना मुकेपणा सुरू झाला असं समजून मान खाली घातली.

"क्रँक गेला त गेला," ते म्हणाले. "पण तू मले इतका भेतोस, हे मले मालूम नव्हतं."