आईचा उजवा हात

"आई गेली," ताई फोनवर म्हणाली. मी ठाण्याच्या बँकेत काउंटरवर होते, समोर माणसं उभी होती. कधी, एवढंच विचारता आलं. "आत्ताच. चहा पाजत होते. गरम आहे म्हणून मला शिवी घातली आणि मान टाकली." याला आता महिना उलटला. भेटायला येणारे म्हणतात, तुमची आई करारी बाई, मुलींसाठी किती खस्ता खाल्ल्या तिने. खाल्ल्याच. पण आम्ही मारही खाल्ला, आणि तो वगळून लिहायला बसले तर ती दुसऱ्याच कुणाची तरी आई होईल.

लालबागची खोली सोडून आम्ही विरारला फुलपाड्यात राहायला आलो तेव्हा ताई, म्हणजे रेखा, दहावीत होती आणि मी सातवीत. बाबा छापखान्यात होते. घरी आले की पेपर उघडून त्याच्या मागे बसायचे. आई मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात आया होती. इस्पितळाला जोडूनच नावाजलेलं मेडिकल कॉलेज. तिथे शिकणाऱ्या, तिच्या मुलीच्या वयाच्या पोरी तिला "ए मावशी, बेडपॅन आण" म्हणून हाका मारायच्या. दुसऱ्या कुठल्या कॉलेजचं नावही आई ऐकून घेत नसे. "माझी रेखा ह्याच गेटातून पांढरा कोट घालून येणार," ती म्हणायची. "आणि सगळ्या वॉर्डासमोर मी तिला सलाम ठोकणार." हे सांगताना तिचा चेहरा इतका सुंदर दिसायचा की काही क्षण तिची भीती वाटायची नाही.

बाकी वेळ वाटायची. ताई अभ्यासाला बसली की आई लाटणं घेऊन तिच्या मागे बसे. उत्तर अडलं की पाठीत बसायचं. वेणी धरून कपाळ टेबलावर आपटायची. एकदा डुलकी लागली म्हणून पोटरीला तापलेलं उलथनं लावलं, आणि मग रडत रडत त्यावर स्वतःच खोबरेल लावत बसली. ताई ओरडायची नाही. ओठ दाताखाली धरायची, रक्त येईपर्यंत. जिन्यात भेटणाऱ्या शेजारणी म्हणायच्या, "मुलीच्या भल्यासाठीच ना? आमच्या पोरांना असं कुणी मारलं असतं तर!" मला आई कधीच मारत नसे. माझ्याकडून तिला अपेक्षाच नव्हती.

बारावीची परीक्षा चार-पाच दिवसांवर आली होती. त्या काळी बारावीच्या मार्कांवरच मेडिकलला प्रवेश मिळायचा. ताई फिजिक्सचं एक गणित पुन्हा पुन्हा चुकत होती. "हाच हात चुकतो ना?" आई म्हणाली आणि तिने ताईचा उजवा पंजा टेबलावर दाबून धरून त्यावर लाटणं घातलं. एकदा नाही... मी मोजलं नाही. बोटांतून आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. बाबांच्या हातातला पेपर खाली पडला, पण ते उठले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं?" आई म्हणाली, "दारात सापडली बोटं." ताई शांतपणे म्हणाली, "आईने मारलं." त्यासरशी आईने डॉक्टरांच्या देखत तिच्या तोंडात भडकावली. डॉक्टर वयस्कर, मवाळ गृहस्थ. त्यांनी टेबलाला वळसा घालून आईचं मनगट धरलं. "बाई, ह्या हाताने आणखी एकदा मारलंत तर मी पोलिसांना बोलवीन. दोन बोटं मोडलीत पोरीची. परीक्षा विसरा." परीक्षा हा शब्द ऐकून आई मटकन खाली बसली. तोवर ते तिच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

ताईचं ते वर्ष गेलं. प्लास्टर निघालं तेव्हा तर्जनी वाकडी राहिलेली होती. त्या मोडक्या हाताने ताईने पुढचं सबंध वर्ष अभ्यास केला, इतक्या तिरमिरीने की आईला मागे बसायची गरजच उरली नाही. आईला वाटलं, पोरगी वळणावर आली. मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी ताईला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. आईने पेढे आणले, देवापुढे ठेवले, आणि ताईला म्हणाली, "कोट मी शिवून आणणार." ताई पाणी पीत होती. भांडं खाली ठेवून ती म्हणाली, "जागा मिळाली, ती तुला दाखवायला. मी जाणार नाही." आईला आधी ते समजलंच नाही. ताई पुन्हा म्हणाली, "त्या गेटातून मी कधीही जाणार नाही. तू कुणाला सलाम ठोकायचा तो ठोक."

आई ओट्याकडे गेली आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. तिने तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला होता. मी किंचाळले. आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबा मध्ये उभे राहिले. वरवंटा त्यांच्या खांद्यावर बसला, हाड मोडलं, तरी ते हलले नाहीत. "मला मारलंस," ते म्हणाले. "आता पुरे." ताई त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली ती परत आलीच नाही. आम्ही दोघी घरात उरलो. आई पेढे एकेक करून भिंतीवर फेकत होती. ते संपले तेव्हा तिने तिथेच कपाळ आपटायला सुरुवात केली.

ताई वसईजवळच्या वटार गावात मैत्रिणीच्या घरी राहिली, वसईच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली, मग तिकडच्याच एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. एकदा आई त्या शाळेत पोचली आणि भर मैदानात, मुलांसमोर, तिने ताईला छत्रीने मारलं. छत्रीच्या काड्या मोडल्या. ताई म्हणाली, "झालं? आता चल, एस.टी.त बसवून देते." आणि खरंच बसवून दिलं. मी कुठल्या कॉलेजात गेले, हे आईने मला कधी विचारलं नाही.

बाबा गेले, आई निवृत्त झाली आणि वर्षभरात तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. माझी मुलं लहान होती, काय करावं सुचत नव्हतं... तर ताई बॅग घेऊन फुलपाड्याला हजर. "माफ केलंस तिला?" मी विचारलं. "नाही," ती म्हणाली. "पण दुसरं कोण करणार?" आई डाव्या हाताने मारायची. वाटी फेकून तिने ताईचा ओठ फोडला. ताई रक्त पुसत म्हणायची, "मार. तेवढाच हाताला व्यायाम."

एका रविवारी मी गेले होते. ताई भरवत होती. आईने तिचा हात धरला आणि ती वाकडी तर्जनी सरळ करू लागली. आधी हळू, मग सगळा जोर लावून. होईना, तेव्हा ते बोट तिने स्वतःच्या कपाळावर आपटायला घेतलं, पुन्हा पुन्हा. तोंडातून नुसतं "कर... सरळ कर..." एवढंच येत होतं. ताईने हात सोडवून घेतला नाही. म्हणाली, "राहू दे आई. खडू धरता येतो."

परवा सामान आवरायला गेले होते. शेवटच्या दिवसांत आतल्या खोलीचं दार कुणी लावलं की आई घाबरून ओरडायची. वाऱ्याने लागलं तरी. म्हणून ताई शाळेत जाताना मदतीच्या बाईंना दार उघडं ठेवायला बजावून जायची. परवा दुपारी आम्ही पातेली पोत्यात भरत होतो. वाऱ्याने दार हलकेच ओढलं गेलं. ताई हातातलं टाकून उठली, दार सताड उघडलं, रिकाम्या पलंगाकडे पाहून म्हणाली, "उघडंच आहे गं." मग तिच्या लक्षात आलं. तरी तिने ते तसंच ठेवलं.