हवालदारांची पाचशे कार्डं

उंब्रजमध्ये हवालदार मानसिंग घाडगे कुणाच्या वाईटावर नव्हते. भावकीत बांधावरून भांडण नाही, शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली म्हणून पोटात दुखणं नाही. या माणसाला एकाच व्यक्तीचा हेवा वाटायचा, आणि ती व्यक्ती त्यांना रोज दोन वेळा भाकरी वाढायची.

फौजेच्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं काढून ते घरी आले. रिकामं बसवेना, म्हणून परड्यात पत्र्याच्या शेडखाली मॅगव्हील, म्हणजे गाड्यांची अलॉयची चाकं, दुरुस्त करायला लागले. हायवे घरामागंच होता. फुटपाथला घासलेली, खड्ड्यात आपटून कड उडालेली चाकं यायची. हवालदार ती धुऊन, कानस मारून, खाचेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचे आणि वाळल्यावर वॉटर पेपरनं अशी सपाट करायचे, की जखम बोटालाही कळू नये. तिथवर त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. रंगाला मात्र ते भलतेच उतावळे. हल्ला केल्यासारखा स्प्रेचा डबा चालवायचे आणि रंग ओघळायचा.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा खांदा आखडला आणि डबा बायकोच्या, शालूबाईंच्या हातात गेला. त्या एक पातळ हात मारायच्या, डबा ठेवून भाकऱ्या थापायला जायच्या, मग येऊन दुसरा हात. असे चार. चाक कंपनीतून आल्यासारखं दिसायचं. हळूहळू गिऱ्हाईक शेडमध्ये शिरता शिरताच विचारू लागलं, "काकी हायत न्हवं घरात?"

बास. तिथून हवालदारांचा जळफळाट सुरू झाला. खांदा बरा झाला, तरी गिऱ्हाइकाला रंग काकींच्याच हातचा हवा. कानस चालवून ज्याच्या बोटांची सालं निघाली तो बाजूला, आणि फुसफुस करणारीचं कौतुक! ते तिच्या कामात खोट शोधायचे. सापडायची नाही, म्हणून आणखी चिडायचे. शेवटी कराडला जाऊन त्यांनी पाचशे कार्डं छापून आणली. वर फेट्यातला फोटो, खाली 'मानसिंग घाडगे, माजी सैनिक, मॅगव्हील दुरुस्ती व रंगकाम'. त्यातलं 'रंगकाम' मुद्दाम ठळक.

शालूबाईंनी एक कार्ड दोन बोटांत वाकवून बघितलं. "ब्येस हाय. जाड बी हाय," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

दिवाळीनंतर आटपाडीचा वीरधवल टायरसकट एक चाक टाकून गेला. त्याला रविवारी पोरगी बघायला जायचं होतं. चाक घासून तयार झालं त्या दिवशी शालूबाई बचत गटाच्या बैठकीला गेल्या होत्या. हवालदारांनी संधी साधली. दार लोटून मनासारखा रंग मारला, आणि तो तीन ठिकाणी ओघळला.

शालूबाई आल्या. त्यांनी चाकाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं नाही. चार शब्द बोलल्या असत्या, तर निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले आणि दुपारी परतले. चाकावरचे ओघळ गेले होते. नवा रंग एकसारखा बसला होता. आणि टायरवर रंग उडू नये म्हणून टायर आणि चाकाच्या मधल्या फटीत ओळीनं खोचली होती त्यांची कार्डं. चाळीसेक मानसिंग घाडगे फेटे बांधून गोल बसले होते, सगळ्यांची तोंडं राखाडी.

"अगं, माझी कार्डं!"

"लग्नपत्रिका संपल्या," शालूबाई म्हणाल्या. एरवी त्या जुन्या पत्रिका खोचायच्या, गणपतीचं चित्र आधी नीट कापून ठेवून. "तुमची जाड हायत, झ्याक बसत्यात. आन् आवं, नुसती पडूनच व्हती की कपाटात."

पडूनच होती, हे खरं होतं. चार महिन्यांत सहा कार्डं गेली होती. हवालदार त्या दुपारी जेवले नाहीत.

संध्याकाळी वीरधवल आला, तेव्हा ते एकेक कार्ड उपसत होते. "आयला, नवंच वाटतंय!" तो खाली बसला. "काका, रंग तुमी मारला का काकींनी?"

'मी' हा शब्द हवालदारांच्या ओठावर आला. शालूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या खोडून काढणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षांत तिनं चारचौघांत त्यांना कधी खाली बघायला लावलं नव्हतं. त्या आठवणीचाही त्यांना राग आला.

"हिनं," ते म्हणाले. "मी मारल्याला ओघळला व्हता. हिनं घासून परत मारला."



वीरधवलनं फोन काढला. "काकींचं नाव काय? नंबर घिऊन ठिवतो."

हवालदार अडले. लग्नातला उखाणा सोडला, तर त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'अगं' आणि 'आमची मंडळी' एवढ्यावर संसार झाला होता. "शालूबाई," ते पुटपुटले. मग घाईनं, चांगलं मोठ्यानं म्हणाले, "शालूबाई मानसिंग घाडगे!"

वीरधवलनं फोन दाखवला. 'शालूकाकी मॅगव्हील'.

"आन् मधलं नाव?"

"एवढं कोण लिवतंय काका," म्हणत त्यानं चाक डिकीत टाकलं आणि तो गेला.

शालूबाई अजून दारातच होत्या. "आवं," त्या म्हणाल्या, "परत एकदा घ्या की माझं नाव."

"घीन. पर मधल्यासकट घीन," हवालदार फुरंगटून म्हणाले.

"घ्या की. मधलं बी माझंच हाय."

हवालदारांनी पुढचं चाक घासायला ओढलं.